वाचकांचे प्रश्न : चौघं चार सांगतात, ऐकायचं कुणाचं?

या महिन्यात आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच आहे. व्यायाम सुरू केला आहे, अनुभवी माणसं आजूबाजूला आहेत, ती आपणहून सांगतातही. पण त्यांच्याकडून शिकायचं कसं? मी १९व्या वर्षी पहिल्यांदा बारखाली उभी राहिले, दहा वर्षं पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा खेळले आणि गेली सतरा वर्षं शिकवते आहे. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे.

ताई, मी २३ वर्षांचा आहे, आठ महिने वजन उचलतो. आमच्या जिममध्ये चार जुने लिफ्टर आहेत आणि चौघंही मनापासून सांगतात. स्क्वॉटला एक म्हणतो पावलं सरळ ठेव, दुसरा म्हणतो बाहेर वळव. तिसरा बार पाठीवर खाली घ्यायला लावतो, चौथा मानेच्या बुडाशी. त्यातल्या एकाने मला स्वतःचा पाच दिवसांचा तक्ताही लिहून दिला. माझा स्क्वॉट दर आठवड्याला बदलतो. कुणाचं ऐकू?

चौघंही खरं सांगताहेत, आणि म्हणूनच तू अडकला आहेस. प्रत्येक जण स्वतःच्या शरीराला जे मानवलं ते सांगतो. ज्याची मांडी धडाच्या मानाने लांब, त्याला खाली बसताना पुढे झुकावंच लागतं, नाहीतर बार पावलाच्या मध्यावर राहत नाही आणि तोल मागे जातो. आखूड मांडीचा माणूस तेवढ्याच खोलीला छाती जवळजवळ उभी ठेवून बसतो. खुब्याच्या वाटीची ठेवणही माणसागणिक वेगळी. त्यामुळे एकाला पावलं बाहेर वळवल्याशिवाय नीट बसताच येत नाही, तर दुसऱ्याला त्याची गरजच पडत नाही. बार वर की खाली, हे बरंचसं खेळावरून ठरतं. वेटलिफ्टिंग केलेल्या माणसाला क्लीन, म्हणजे जमिनीवरून उचललेला बार खांद्यांवर, झेलताना उभ्या धडाने बसायचं असतं, म्हणून तो बार वर ठेवतो. पॉवरलिफ्टरला त्या एका स्क्वॉटमध्ये जास्तीत जास्त किलो उचलायचे असतात, म्हणून तो बहुतेक वेळा बार खांद्याच्या फऱ्यांवर, जरा खाली घेतो.

म्हणून ‘कसं करू?’ विचारण्याआधी ‘दादा, तुम्ही हे कशासाठी करता?’ असं विचार. आणि लगेच पुढचा प्रश्न : ‘पहिल्या दोन वर्षांत तुम्ही काय करत होता?’ हा दुसरा प्रश्न फार कमी जण विचारतात. मीही विचारला नव्हता.

मी २१ वर्षांची होते. माझ्याहून कितीतरी वर्षं जास्त सराव असलेल्या एका लिफ्टरचा तक्ता मी तिच्याकडून मागून घेतला. आठवड्यात चार दिवस स्क्वॉट, दोन दिवस डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं), आणि त्यातलं बहुतेक सगळं जड. पहिले तीन आठवडे मला वाटलं, हेच हवं होतं. सहाव्या आठवड्यात रात्री झोप मोडायला लागली. सातव्यात वॉर्मअपच्या वजनालाच डेडलिफ्टची पकड सुटायला लागली, तरी मी तक्ता सोडला नाही. स्पर्धेत स्क्वॉटच्या तिन्ही प्रयत्नांना लाल दिवे लागले. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट या प्रत्येकाला तीनच प्रयत्न असतात आणि एकातले तिन्ही फसले की बेरीज होत नाही. मैत्रिणींची डेडलिफ्ट मी प्रेक्षकांत बसून पाहिली.

माझे कोच रागावले नाहीत. पुढच्या सरावाला येताना त्यांनी स्वतःची जुनी वही आणली आणि तिची पहिली पानं माझ्यासमोर उघडून ठेवली. आठवड्याचे तीन दिवस. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, खांद्यावरून डोक्यावर प्रेस. पाच सेट, प्रत्येक सेटमध्ये पाच रेप, म्हणजे तीच हालचाल सलग पाच वेळा, पुढच्या खेपेला अडीच किलो जास्त. दुसरं पान तसंच, तिसरंही तसंच, आणि असं दीड वर्ष. ज्या माणसाला मी २२० किलोची डेडलिफ्ट करताना पाहत आले होते, त्याने तिथे ६० किलोच्या पाच रेप लिहिल्या होत्या आणि शेजारी बारीक अक्षरात टीप होती : ‘शेवटची वाकडी. पुन्हा ६०च.’

त्या लिफ्टरने दिलेला तक्ता खोटा नव्हता. पण तो तिच्या सरावाच्या सोळाव्या वर्षाचा होता आणि मी दुसऱ्या वर्षात होते. तुझ्या हातात आलेला पाच दिवसांचा तक्ताही मला तसाच वाटतो. त्या दादांना भेट आणि त्यांची पहिली वही माग. वही नसेल तर आठवून सांगायला लाव. अशा गोष्टी सांगताना माणसं खुलतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता निवड. ज्याचे हातपाय तुझ्यासारखे आहेत आणि जो तू सेट मारत असताना थांबून पाहतो, अशा एकाचं पुढचे तीन महिने ऐक. बाकी तिघांना सरळ सांग, ‘सध्या या दादांकडे शिकतोय.’ कुणी मनाला लावून घेणार नाही. दर आठवड्याला स्क्वॉट बदलला तर शरीराला एकही स्क्वॉट शिकायला वेळ मिळत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते, तीच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने येणारी. आणि एक कर. चौघं कशावर भांडत नाहीत ते लिहून काढ. अख्खं पाऊल जमिनीवर, बार पावलाच्या मध्यावर, खाली जाण्याआधी पोटात श्वास, प्रत्येक रेप आधीच्या रेपसारखी. माझी खात्री आहे, या यादीवर चौघंही सही करतील. तेवढं निमूटपणे ऐक.

ताई, माझे कोच फार कमी बोलतात. मी स्नॅच करते, ते बाजूला स्टुलावर बसून पाहतात आणि ‘पुन्हा’ म्हणतात. कधी ‘थांब’, कधी ‘लांब’. मला सविस्तर समजून घ्यायचं असतं. विचारलं तर त्यांना आवडेल का?

तुझे कोच तुला उत्तम शिकवताहेत असं मला वाटतं. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून डोक्यावर जायला फार थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तुझ्या डोक्यात एकच शब्द टिकू शकतो. ‘लांब’ म्हणजे बहुधा पाय पूर्ण सरळ होण्याआधी तू बारखाली शिरायची घाई करतेस. हे सगळं वाक्य ते बोलले असते तर पुढच्या प्रयत्नात तू विचार करत राहिली असतीस आणि बार पुढे पडला असता. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने याच विषयावर बरीच वर्षं काम केलं आहे. लक्ष स्वतःच्या सांध्या-स्नायूंवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर माणूस हालचाल बहुधा चांगली करतो आणि शिकतोही लवकर, असं त्यातून पुढे आलं. ‘गुडघा सरळ कर’ म्हणण्यापेक्षा ‘जमीन खाली ढकल’ हे शरीराला पटकन कळतं. चांगले कोच हे संशोधन न वाचताही करत आले आहेत.

पण विचारायचं जरूर. वेळ मात्र पाहा. दोन सेटच्या मध्ये नको, सराव संपून प्लेटा जागेवर लावताना विचार, आणि एका दिवशी एकच प्रश्न. ‘माझं काय चुकतं?’ हा प्रश्न फार मोठा आहे, त्याला उत्तर देता येत नाही. ‘तिसऱ्या रेपला तुम्ही मान हलवलीत, तेव्हा काय दिसलं?’ याला उत्तर देता येतं. त्यासाठी तुला तिसरी रेप आठवावी लागेल, आणि तसं आठवायची सवय लागली की अर्धं शिकणं तिथेच होतं.

दुसरं म्हणजे, तुझा सराव संपला की लगेच निघू नकोस. जुने खेळाडू वॉर्मअप करतात ते पाहा. त्यांचा शेवटचा जड प्रयत्न सगळेच पाहतात. मला मात्र ते २० किलोच्या रिकाम्या बारला कसा हात घालतात हे पाहायला आवडतं. पकड मोजून घेतात, पावलं ठरल्या जागी ठेवतात, श्वास घेतात, जणू बारवर १४० किलो आहेत. नवखी मुलं रिकामा बार कसाही उचलतात आणि जड झाल्यावर नीट उचलायचं ठरवतात. मी कुणाचा दर्जा जोखते तो रिकाम्या बारवरूनच.

कमरेचा पट्टा पहिल्या दिवसापासून लावावा का?

नको. पट्टा पाठीला धरून ठेवतो असा गैरसमज आहे. आपण पोटात श्वास भरून घसा बंद करतो, तेव्हा पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. या श्वास रोखण्याला इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ अंतोनिओ वाल्साल्वा यांचं नाव आहे. पट्ट्यामुळे पोटाला दाबायला भिंत मिळते, एवढंच त्याचं काम. आधी पट्ट्याशिवाय पोट चहूबाजूंनी फुगवून घट्ट करायला शिका, पुढे सहा-आठ महिन्यांनी जड सेटना लावा. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत पट्टा जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड चालतो, पण सरावाला इतका जाड लागतोच असं नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखण्याआधी डॉक्टरांशी बोला, यात तडजोड नको.

ताई, माझं वय ५२. हाडांची घनता कमी झाली आहे, डॉक्टरांनी वजनाचे व्यायाम करायला सांगितले. जिममधला कोच २४ वर्षांचा. तीन महिने झाले, तो मला एक किलोचे डंबेल देऊन वीस-वीस रेप करायला लावतो. ‘या वयात जड नको’ म्हणतो. त्याचं ऐकावं का?

मला ताई म्हटलंत, पण वयाने तुम्हीच माझ्या ताई. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण अशा कितीतरी बायका एका किलोवरच अडकून राहतात. त्या मुलाचा हेतू वाईट नाही, तो घाबरतो आहे. पण हाडाला बदलायचं असेल तर त्याला ओझं जाणवावं लागतं.

१९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या, दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचे जड व्यायाम करायला लावले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळचा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०१८ साली छापून आलेला. हाडांची घनता कमी झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर प्रेस केला. पाच सेट, पाच रेप, आणि वजन त्यांच्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून जास्त. त्यांच्या कण्याची घनता सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या बाकीच्यांची मात्र घटली.

हे वाचून उद्याच जड बारला हात घालू नका. त्या स्त्रियांच्या प्रत्येक सरावाला जाणकार माणूस हजर होता आणि पहिला महिना नुसती हालचाल शिकण्यात गेला. तुम्हीही तसंच करा. आधी खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं. मग बार ठोकळ्यांवर, गुडघ्याच्या खाली येईल एवढ्या उंचीवर ठेवून, पाठ न वाकवता खुब्यातून झुकून उचलणं. वेटलिफ्टिंगमध्ये स्त्रियांचा स्पर्धेचा बार १५ किलोचा असतो; तो जड वाटला तर त्याहून हलका मिळतो. शेवटच्या रेपनंतर ‘अजून दोन-तीन निघाल्या असत्या’ असं वाटलं की वजन बरोबर आहे. वीस रेपनंतर गप्पा मारता येत असतील तर ते वजन तुमच्या कामाचं नाही. डॉक्टरांना मात्र एवढं नेमकं विचारून घ्या, की कण्यात कुठे आधीचं फ्रॅक्चर आहे का आणि कुठली हालचाल टाळायची.

कोचच्या वयावर जाऊ नका. तो तुमच्याबद्दल काय लिहून ठेवतो ते पाहा. गेल्या महिन्यात किती वजन उचललं, हे त्याला वही न उघडता सांगता येणार नाही, पण वही तरी असली पाहिजे. त्याला हे सगळं दाखवा आणि विचारा, ‘तू ज्यांच्याकडे शिकलास ते याबद्दल काय म्हणतात?’ तो जाऊन विचारून आला तर त्याला सोडू नका. हसून उडवून लावलं तर दुसरा शोधा.

बेंच प्रेस तीन महिने ७० किलोवर अडकली आहे. दर शनिवारी ७२.५ लावून पाहतो, बार छातीवरून अर्धा येतो आणि थांबतो. काय करू? (वय ३१)

शनिवारची परीक्षा बंद करा. ताकद मोजणं वेगळं आणि कमावणं वेगळं, तुम्ही तीन महिने मोजताय. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांना जड वजनाचे व्यायाम देण्याची पद्धत मांडली. पुढे सहकाऱ्याबरोबर ती आणखी सुटसुटीत केली. दहा रेप जेमतेम निघतील असं वजन शोधायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. तीनपैकी एकच सेट पुरेपूर वजनाचा, आणि वाढवत न्यायचं ते हे दहा रेपचं वजन.

एक रेप किती निघेल याचा अंदाज बारवर न लावताही येतो. नेब्रास्का विद्यापीठाचे माजी कोच बॉइड एप्ली यांचं सूत्र सोपं आहे : रेपच्या संख्येला ३० ने भागा, त्यात एक मिळवा आणि वजनाने गुणा. ६० किलोच्या पाच रेप म्हणजे सुमारे ७०. पाच रेप ६२.५ ला नेल्या की अंदाज ७३ वर जातो. तुमचं ७२.५ तिथे आहे. तेव्हा पाच-पाच रेपवर काम करा, लहान प्लेटा वापरा, प्रत्येक खेपेला एक किलो वाढला तरी पुष्कळ.

वहीत वजन आणि रेपशेजारी आणखी एक रकाना करा : अजून किती रेप निघाल्या असत्या. स्वीडनचे गुन्नर बोर्ग यांनी श्रम मोजण्यासाठी पट्टी तयार केली होती. अमेरिकी पॉवरलिफ्टर माइक टशेरर यांनी तशी पट्टी बारबेलच्या सरावासाठी वापरात आणली. त्यांच्या पट्टीत १० म्हणजे एकही रेप शिल्लक नाही, ८ म्हणजे दोन शिल्लक. बहुतेक सेट ७ ते ८ वर ठेवा. चार आठवड्यांची पानं घेऊन अनुभवी लिफ्टरकडे जा. ‘अडकलोय’ एवढ्याच शब्दावर तो तरी काय सांगणार? आकडे पाहिले की तो दोन मिनिटांत बोट ठेवेल. माझ्याकडे अशी वही आली की मी आधी झोपेचे तास विचारते, कारण ते कुणी लिहीतच नाही.

सहा वर्षं सराव झाला. आता कोचची गरज आहे का?

आहे. मीराबाई चानूचं उदाहरण घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या (बार आधी खांद्यांवर झेलून मग डोक्यावर नेण्याच्या) तिन्ही प्रयत्नांत ती अपयशी ठरली आणि तिची बेरीजच लागली नाही. माझ्याही वाट्याला एकदा तसं आलं होतं, म्हणून ते पाहताना मला रडू आलं. पुढच्याच वर्षी ती १९४ किलो उचलून जगज्जेती झाली, कोच तेच, विजय शर्मा. आणि जगज्जेती झाल्यावरही, २०२० मध्ये ती खांद्याच्या दुखण्यासाठी अमेरिकेत माजी वेटलिफ्टर आणि फिजिओथेरपिस्ट आरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. २०२१ मध्ये ताश्कंदला ११९ किलोचा क्लीन अँड जर्क, तो तेव्हाचा विश्वविक्रम. त्याच वर्षी झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्नॅच ८७ आणि क्लीन अँड जर्क ११५, एकूण २०२ किलो आणि रौप्यपदक. तिला स्वतःचा खांदा बाहेरून पाहायला माणूस लागला, मग तुम्हा-आम्हाला का नको?

लांबच्या कोचला सेटचा व्हिडिओ पाठवायचा आहे. कसा काढावा?

फोन कमरेच्या उंचीवर, हातात न धरता टेकवून, बरोबर बाजूने ठेवा. बारच्या टोकाची प्लेट आणि तुमचं पाऊल, दोन्ही पूर्ण दिसली पाहिजेत. पाऊल कापलं गेलं तर बार पावलाच्या मध्यावर होता का, हे कळतच नाही. आपल्याला आवडलेला सेट निवडू नका. त्या दिवसाचा शेवटचा वॉर्मअप आणि सगळ्यात जड सेट, हे दोन पाठवा, आधीचे-नंतरचे दहा सेकंद न कापता. बारकडे चालत जाणं आणि बार रॅकवर परत ठेवणं, यातही मला पुष्कळ दिसतं. सोबत वजन, रेप, किती शिल्लक होत्या आणि एकच प्रश्न लिहा. आणि एकाच वेळी चार कोचना पाठवू नका. त्यापायी काय होतं ते पहिल्या पत्रात आलंच आहे.